गाडीत फक्त डायवर

ज्या गावाला जायला रस्ता नाही त्या गावात जीप आली कशी, हा प्रश्न तिथं नव्यानं येणारा प्रत्येक जण विचारायचा. मीही विचारला. "होडीतनं," असं उत्तर मिळालं. नवी नर्स बघून माझी फिरकी घेताहेत असं समजून मी हसून सोडून दिलं.

पण ते खरंच होतं. लिलावात निघालेली लष्कराची जुनी जीप नानांनी घेतली, साताऱ्याहून घाट उतरवून पाण्याच्या त्या काठाला आणली आणि तिथं जांभळीखाली बसून तिचा भाग न् भाग सुटा केला. चाकं एका खेपेला, टाकी एका, इंजिन एका. सांगाड्यासाठी दोन होड्या एकमेकींना बांधल्या. नावाड्यानं आधी पाण्याला नारळ दिला आणि मगच वल्हं हातात घेतलं म्हणे. या काठाला त्यांनी एकट्यानं सगळं परत जुळवलं. शेवटी काही नटबोल्ट उरले, ते तंबाखूच्या डबीत घालून ठेवले. हे कुठले राहिले म्हणून कुणी विचारलं तर शांतपणे म्हणायचे, "सरकारी मालात जास्तीचं असतंयच."

गाव त्यांना डायवर म्हणायचं. मी नाना म्हणायची. लष्करात ट्रक चालवण्यात उमेदीची वर्षं गेली, पेन्शनीत आले तेव्हा खोऱ्यात कोयनेचं पाणी भरलेलं होतं. गाव उठलं होतं. बहुतेकांना पूर्वेकडं, विट्याच्या पुढच्या माळावर जमिनी मिळाल्या होत्या. थोडी घरं तेवढी डोंगराच्या अंगाला वर सरकून राहिली होती. त्या घरांसाठी सरकारनं उपकेंद्र काढलं. त्यात एक खोली, एक कपाट आणि मी. मी मूळची विट्याची. म्हणजे त्यांची माणसं माझ्या मुलखात गेलेली आणि मी त्यांच्या मुलखात आलेली. सरकारी बदल्यांना डोकं नसतं, पण विनोदबुद्धी असावी असं मला तेव्हा वाटायचं.

पहिला पावसाळा मी रडत काढला. चारी बाजूंनी पाणी, वर धुकं, बोलायला कोण नाही. बायका रानातनं आल्या की जेवून झोपायच्या. लाँच आली तर आली. अशात रोज सकाळी तीन हॉर्न ऐकू यायचे, आणि आपल्याशिवाय आणखी एक माणूस या डोंगरात जागं आहे एवढं तरी कळायचं.

नानांचा दिवस त्या तीन हॉर्नांनी सुरू व्हायचा. खाकी शर्ट, खाकी हाफ पँट, कपाळाला अंगारा. घासलेटाच्या फडक्यानं जीप पुसायची, पाणी बघायचं, ऑइलची काडी काढून नाकाशी धरायची. पेट्रोल साताऱ्याहून डब्यातनं लाँचनं येणार, म्हणून उताराला इंजिन बंद. गावातनं जुना रस्ता थेट खाली जात होता, पूर्वीच्या गावठाणाकडं आणि तिथनं पुढं बाजाराला. आता तो पाण्यात शिरत होता. त्या रस्त्यानं नुसता हॉर्न वाजवत, बिनआवाजाची जीप खाली यायची, कोंबड्या पळायच्या, आणि पुढची चाकं ओली होतात न होतात तोच ब्रेक लागायचा. मग ते खाली उतरायचे, चाकाखाली दगड लावायचे आणि कमरेवर हात ठेवून पाण्याकडं बघायचे.

"रस्ता हाय," म्हणायचे. "आज बंद हाय एवढंच."

हे मी रोज ऐकलंय. हसून ऐकलंय, वैतागून ऐकलंय.

काठाला चिखल, त्यामुळं जीप वळवायला जागा नसायची. नाना तिला आलेल्या रस्त्यानं तशीच उलटी वर न्यायचे. अख्खा चढ रिव्हर्समध्ये, मान मागं वळवून, एक हात सीटच्या पाठीवर. गावातली पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे हसायचे. नाना म्हणायचे, "हसा गड्यांनो. उतारावर कुणीबी डायवर हुतंय. रिवरस आलं पायजे."

उन्हाळा लागला की मात्र त्यांच्या अंगात यायचं. पाणी आटत जायचं तसा रस्ता खालून वर निघायचा. आज मोरीपर्यंत, चार दिवसांनी वाकड्या आंब्याच्या बुंध्यापर्यंत. वैशाखात तर जुन्या गावठाणाची जोती उघडी पडायची आणि नाना तिथपर्यंत गाडी नेऊन यायचे. दुसऱ्यांच्या शेतात पीक वाढतं, यांचा रस्ता वाढायचा. पाऊस पडला की परत तुकडा तुकडा पाण्यात. त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायला जाऊ नये, अंगावर यायचे.

एकदा त्यांच्या ओट्यावर चहा पिता पिता मी विचारलं, "नाना, ही गाडी घेतलीत कशाला? जायचंय कुठं?"

"मंडळीला आणायचीया," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मला ते विधुर वाटले होते. घरात बाईमाणसाचं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण कोरं. खुंटीवर नवं सूप, नवी चाळण, कोपऱ्यात नवी कोरी उखळी. चूल घातलेली, सारवलेली, पण कधी पेटवलेली नव्हती. ते स्वतः बाहेर तीन दगडांवर भात शिजवायचे. "चूल तिनं पेटवायची," एवढंच सांगितलं.

पुढच्या रजेला विट्याला गेले तेव्हा मी मुद्दाम वाकडी वाट करून माळावरच्या त्या नव्या वसाहतीत गेले. नानांच्या मंडळींचं, काकूंचं, घर विचारलं. उंच, काटक बाई, शेरडाला पाला टाकत होत्या. मी कुठनं आले सांगितल्यावर त्यांनी हातातला पाला खाली ठेवला.

"गाडी चालवत्यात अजून?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"आन् कुटं जात्यात?"

"पाण्यापर्यंत."

त्या हसल्या नाहीत. मला आत नेऊन पाणी दिलं, गूळ दिला. मग सांगितलं. नाना सरहद्दीवर होते तेव्हा पाणी चढलं. न्यायला गाडी येईल, गाडी येईल म्हणत काकू पाणी दाराशी येईपर्यंत घरात राहिल्या, मग वर डोंगराला जाऊन बसल्या. शेवटी पाणी गावावरून गेलं आणि होडी आली. होडीत बसून त्या निघाल्या, काखेत पोरगा. पाणी नितळ होतं. वल्हं मारता मारता नावाडी म्हणाला, बघा, खाली तुमचंच घर. काकूंनी वाकून बघितलं तर खरंच त्यांच्या घराची कौलं, एका कोपऱ्यात त्यांनीच बदललेलं लाल कौल.

"चूल वलांडू न्हाई म्हंत्यात, बाई," त्या म्हणाल्या. "आन् मी चूल वलांडली, द्येव वलांडलं, समदं घर पायाखाली घालून गेले. आमच्या सासूनं त्या चुलीवर नैवेद्य केलेलं. तवाच शपत घातली, ह्या जल्मात पुन्यांदा होडीत पाय ठिवायची न्हाई. ह्ये पेन्शनीत आलं, हितं आठ दिस ऱ्हायलं. सकाळी उठून बघावं तर पानीच न्हाई म्हनाय लागलं. गेलं माघारी. मला म्हनलं, होडीत न्हाई न्हवं बसायचं? मग गाडीत बसून ये. गाडी आनतो."

मला तिथंच सगळा उलगडा झाला. पाण्यावर गाडी उभी राहील असं काहीतरी एक दिवस येईल, गाडीत मंडळी बसलेली असेल, मंडळीचा पाय होडीला लागणार नाही, शपथ मोडणार नाही. सगळी जुळवाजुळव त्या एका गोष्टीसाठी होती. मी परत आल्यावर नानांना भेटले तेव्हा माझ्या तोंडून थट्टेचा शब्द निघेना.

आणि ते आलं. नाव मोठं सरकारी होतं, प्रवासी व वाहन वाहतूक नौका, पण गावानं पहिल्या दिवशीच त्याला तराफा म्हणून टाकलं आणि ते ऐकून ती नौका चालवणाऱ्या सारंगाचा पापड मोडला. सारंग कोकणातला, पांढऱ्या पँटचा. त्याची नौका होतीही देखणी. लोखंडी सपाट अंग, दोन इंजिनं, कडेला पांढरे कठडे, बायकाबाप्यांना बसायला बाकं, बुडणाऱ्याला फेकायची लाल-पांढरी कडी टांगलेली. पुढची फळी साखळ्यांवर खाली यायची आणि काठाला टेकायची, की गाडी सरळ आत. साताऱ्याहून साहेब आले, बँड आला, नारळ फुटला. साहेबांची अँबॅसेडर पलीकडनं तराफ्यावर चढून आमच्या काठाला उतरली आणि पुढं रस्ता खडबडीत बघून तिथंच उभी राहिली.

आमच्या काठावरून चढणारी पहिली गाडी नानांची. छातीला पदकं. त्यांनी फळीवर चाकं चढवली. मी कठड्याला टेकून इंजिनं बघत उभी होते. माझी रजा जोडून मी निघालेच होते त्यांच्याबरोबर, एकट्यानं बोलतील कसे म्हणून. तराफा मध्यावर आला तेव्हा वळून बघितलं तर नाना स्टिअरिंग धरून ताठ बसले होते आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी चाललं होतं.

घाट चढून सातारा, साताऱ्याहून कराड. तिथं चहा प्यालो, नानांनी न्हाव्याकडं जाऊन दाढीही करून घेतली. माळावर पोचलो. काकू दारात उभ्या. जीपकडं बघितलं, चाकाला हात लावून बघितला, आत गेल्या आणि नवं लुगडं नेसून बोचकं घेऊन आल्या. मुलगा, सून, नातवंडं बघत राहिली.

परतीला काठावर आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. फळी खाली आली. नानांनी इंजिन चालू केलं. तेवढ्यात सारंगाचा माणूस हात आडवा करून पुढं झाला.

"सवारी खाली उतरा. गाडीत फक्त ड्रायव्हर."

मागच्या खेपेला मी आपणहून उतरून चालत चढले होते, त्यामुळं हा नियम आम्हाला कळलाच नव्हता. पाटी तर केवढी मोठी रंगवलेली होती.

"ती न्हाई उतरायची," नाना म्हणाले.

"नियम आहे, बाबा. गाडी घसरली तर माणसं अडकतात आत."

"माजी गाडी घसरत न्हाई."

"सगळे हेच म्हणतात."

नाना खाली उतरले. आधी आवाज चढवला, मग हात जोडले. लष्करातला माणूस, मी त्यांना कधी कुणापुढं हात जोडताना बघितलं नव्हतं. शपथ कशी सांगणार? बायकोची चूल पाण्याखाली आहे हे पांढऱ्या पँटच्या माणसाला कसं समजावणार? काकू गाडीत मांडीवर बोचकं घेऊन बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आवं. माळावर सोडा मला."

हे ऐकलं आणि नाना थांबले. पाटीकडं गेले. एकेक अक्षर वाचल्यासारखे उभे राहिले. मग सारंगाला म्हणाले, "गाडीत फक्त डायवर. बराबर?"

"बरोबर."

"मग ही डायवर हाय."

त्यांनी काकूंना उचलून, अक्षरशः उचलून, पाय जमिनीला न लावता, या सीटवरनं त्या सीटवर बसवलं. हात धरून स्टिअरिंगवर ठेवले. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. स्वतः बाहेर उभे राहिले, एक हात आत स्टिअरिंगवर घालून. "लावा रं हात!" म्हणून ओरडले. लाँचला थांबलेले बाप्ये धावले, मीही पदर खोचला. सारंग आधी कपाळाला आठ्या घालून बघत होता, मग फिस्सकन हसला आणि तोही मागनं रेटायला आला. फळीवर चाकं चढली. काकूंनी डोळे गच्च मिटले होते, पण हात सोडले नव्हते.

पाण्याच्या मध्यावर त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "घर आलं का?"

"यील आता," नाना म्हणाले.

सारंग वर उभा होता. त्यानं ऐकलं. काय समजायचं ते समजला असावा, कारण त्यानं नानांकडं बघून भुवई उडवली, नानांनी बोटानं जागा दाखवली, आणि तराफा त्या जागेला मोठा वळसा घालून गेला. नियमवाला माणूस होता, पण माणूस होता.

नव्या घरातली चूल पेटली. शिमग्यानंतरचे ते दिवस मला आजही दिसतात. सकाळी तीन हॉर्न व्हायचे आणि जीपमध्ये दोन माणसं असायची. नाना बोलायचे किती! रस्त्यातला दगड न् दगड दाखवायचे. काकू कमी बोलायच्या. संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसायच्या आणि विट्याकडच्या गोष्टी विचारायच्या. शेरडी व्याली असंल का, नातीचा दात पडायला झाला होता, पडला असंल का. नानांना मात्र यातलं काही दिसत नव्हतं. ते रोज खाली जाऊन पाणी किती हटलं ते बघून यायचे.

वैशाखात जोती उघडी पडली. काकूंनी सकाळी दहीभात केला, हळदकुंकू घेतलं आणि मलाही बरोबर बोलावलं. नानांनी जीप थेट जुन्या अंगणात नेऊन उभी केली. काकू उतरल्या. कुणाला न विचारता भेगाळलेल्या गाळातनं चालत गेल्या, एका जागी बसल्या, आणि वरची ढेकळं सारून आतल्या ओल्या गाळात कोपरापर्यंत हात घातला. चुलीचे दगड हाताला लागले. ते त्यांनी पदरानं पुसले, हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य ठेवला.

"माज्या पायाखालनं गेलीस गं बाई," त्या दगडांना म्हणाल्या. "चुकलं माजं. पदरात घे."

नाना टोपी काढून उभे होते. त्यांनाही काहीतरी म्हणायचं असावं. एवढंच म्हणाले, "बुडालं तवा मी हितं न्हवतो." कुणाला म्हणाले कोण जाणे.

जीपमध्ये बसताना काकूंनी सांगितलं, "उद्या मला सोडा आवं. लेकरं वाट बगत्याल."

नानांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"तुमी बी चला. म्हातारपनी एकटं कशाला? चुलीचं झालं, आता काय ऱ्हायलंय हितं?"

"गाडी कोन बगंल?" नाना म्हणाले. खरं म्हणजे गाडी माळावरही चालली असती, उलट चांगली चालली असती. काकूंना ते कळत होतं, मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं. ज्याला पाणी उशाला लागतं त्याला माळ मानवत नाही, आणि जिनं माळावर घर मांडलं तिला आता पाणी मानवत नव्हतं. दोघांतलं कुणीच वाईट नव्हतं, म्हणून भांडणसुद्धा झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तराफ्याची फळी खाली आली. सारंगाचा माणूस काही म्हणायच्या आतच काकू जीपमधनं उतरल्या. बोचकं काखेला मारलं आणि आपल्या पायांनी फळीवरून आत चालत गेल्या. चुलीची माफी मागून झाली होती, शपथ फिटली होती. आत बाकावर दोन-तीन बायका होत्या, त्यांच्यात सरकून बसल्या आणि कुठली तू, कुणाकडं चाललीस, सुरू झालं. नानांनी जीप मागोमाग चढवली आणि मध्ये उभी केली. नियम होताच. काकू बाकावर बोलत होत्या आणि नाना जीपमध्ये एकटे, स्टिअरिंग धरून.

पलीकडं काकू म्हणाल्या, "मी यष्टीनं जाते. पेट्रोल कशाला जाळता?" नाना त्याच खेपेला परत आले.

त्यानंतर रोज सकाळी तीन हॉर्न, तोच उतार, तेच पाणी. फरक एवढाच की आता समोर तराफा उभा असायचा. सारंग फळी टाकून हाक मारायचा, "येताय काय, ड्रायव्हर?" नाना हात हलवून नको म्हणायचे. "रस्ता बंद हाय" हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. त्या वाक्यावर त्यांनी किती वर्षं काढली होती!

पुढं माझी बदली झाली. ट्रंक, वळकटी नानांनीच जीपमध्ये घालून काठाला आणली आणि तराफ्यात नेऊन ठेवली. मला रडू आवरेना. म्हटलं, "चला की नाना, विट्याला मी सोडते तुम्हाला. दोन दिवस राहा, परत या."

"जाईन की," ते म्हणाले. "रस्ता चालू हाय, बाई. आता काय, कवाबी जाता येतंय."

फळी वर गेली. तराफा सुटला. नानांनी तीन हॉर्न दिले आणि जीप रिव्हर्समध्ये घातली. बाकी दिवशी मान मागं वळवून चढ चढायचे. त्या दिवशी त्यांनी मागं बघितलंच नाही; रस्ता पाठ होता. गाडी उलटी उलटी वर चालली होती आणि तोंड तेवढं पाण्याकडं होतं.